टांकसाळीतला पारखी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या लष्करातल्या जुन्या घरांतून चौरंग मांडला जातो, आणि वह्या, केरसुणी, लाह्या-बत्तासे यांच्या जोडीला एक तबक येते. त्या तबकात घरातले जुने रुपये असतात. कुणाकडे शिंदेशाही, कुणाकडे चेहरेशाही, तर कुणाकडे आजोळहून आलेला एखादा चांदवडी. वर्षभर लाल फडक्यात बांधलेले हे रुपये त्या एका दिवशी उजळून निघतात, त्यांना हळदकुंकू लागते आणि पाडव्यानंतर ते पुन्हा ट्रंकेच्या तळाशी जातात. ते खरे की खोटे हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. देवाच्या ताटातल्या नाण्याची पारख करायची तरी कशाला!

आमच्या घरच्या तबकात एक मोहोर असते. माझे वडील दरबारचे गवई. एका दसऱ्याच्या दरबारात गाणे झाल्यावर ती त्यांना मिळाली. रुपयापेक्षा आकाराने लहान, हातात घेतली तर जड, आणि दोन्ही बाजूंना फार्सी अक्षरे, तीही ठसा मोठा व नाणे लहान असल्यामुळे अर्धीमुर्धीच उमटलेली. आबांनी ती कधी सराफ्यात दाखवली नाही. दरबाराने दिलेल्या बक्षिसाचा कस काढणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान, असे त्यांचे मत होते. तानपुऱ्याच्या तारेची पारख मात्र ते अर्धा अर्धा तास करीत, आणि जवारी मनासारखी लागल्याखेरीज षड्जही लावीत नसत. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने ही मोहोर तपासून घेण्याचा हट्ट धरला. हल्ली जुनी नाणी तपासून देणाऱ्या संस्था आहेत. त्या नाण्याचे वजन करतात, भिंगाखाली काठ पाहतात, नाणे ठशाने ठोकलेले आहे की साच्यात ओतलेले हे ठरवतात आणि मग त्याच्या झिजेप्रमाणे १ पासून ७० पर्यंतचा एक आकडा देतात. ही ७० ची मोजपट्टी १९४९ साली शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या देशातल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी काढली. पुढे १९८६ आणि १९८७ साली तिकडे दोन मोठ्या संस्था निघाल्या आणि नाणे पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करून वर आकड्याची चिठ्ठी लावण्याची पद्धत रूढ झाली. भावाचे म्हणणे असे की, चिठ्ठी नसलेल्या मोहोरेला आज कुणी विचारत नाही. मी आबांचे कारण पुढे करून नाही म्हणालो. वाद वाढला तेव्हा, पारख म्हणजे मुळात काय हे तरी पाहावे म्हणून मी वाचायला बसलो, आणि त्या वाचनात मला जेम्स प्रिन्सेप भेटला.

प्रिन्सेपचे नाव आपण शाळेत ऐकतो ते ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून. अशोकाचे शिलालेख त्याने वाचले, एवढे एक वाक्य इतिहासाच्या पुस्तकात असते. पण त्याचा पोटापाण्याचा धंदा कोणता होता? तो टांकसाळीतला पारखी होता. पेशवाईत ज्याला पोतदार म्हणत, सरकारी भरण्यात आलेले नाणे खरे की खोटे हे पाहून देणारा, त्याच जातीचे काम. पोतदार आडनावाची घरे आपल्यात आजही आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या बैठकीला बसेल असाच हा साहेब.

जेम्सचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा. बाप जॉन प्रिन्सेप हिंदुस्थानात रिकाम्या खिशाने येऊन नीळीच्या धंद्यात श्रीमंत झालेला, विलायतेत परतल्यावर पार्लमेंटात बसलेला, आणि पुढे पैसा गमावलेला. जेम्स हा सातवा मुलगा. हात चित्रकाराचा, म्हणून त्याला ऑगस्टस प्युजिन या शिल्पज्ञाकडे इमारतींचे नकाशे काढायला शिकायला ठेवले. तेथे डोळ्यांनी दगा दिला. विकार इतका बळावला की बारीक रेघांचे काम सोडावे लागले. मग बापाने ओळखीने हिंदुस्थानातल्या टांकसाळखात्यात जागा पाहिली, मुलाने थोडे रसायनशास्त्र शिकून घेतले, आणि लंडनच्या राजटांकसाळीतले मुख्य पारखी बिंगले यांच्या हाताखाली धातूंचा कस काढण्याची विद्या संपादन केली. डोळे अधू म्हणून ज्याला नकाशे सोडावे लागले, त्यानेच पुढे झिजलेल्या नाण्यांवरची मोहरीएवढी अक्षरे वाचली.

१८१९ च्या सप्टेंबरात, वीस वर्षांचा असताना, तो कलकत्त्याला उतरला. टांकसाळीत त्याचा वरिष्ठ होरेस हेमन विल्सन. हाही अजब गृहस्थ. दिवसा चांदीचा कस काढावा आणि संध्याकाळी पंडितांबरोबर कालिदास वाचावा, असा त्याचा क्रम. वर्षभरातच प्रिन्सेपला बनारसच्या टांकसाळीवर पाठवण्यात आले आणि पुढची दहा वर्षे तो काशीत राहिला.

कस काढण्याची ही कृती आमच्या सराफ्यातल्या मंडळींना नवी नाही, पण इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नाण्याचा एक तुकडा कापून त्याचे नेमके वजन करायचे. तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या लहानशा वाटीत ठेवायचा आणि भट्टीत घालायचा. शिसे वितळते, तांबे आणि इतर हिणकस आपल्या पोटात घेते आणि राखेत जिरून जाते. शेवटी वाटीत चांदीचा चोख मणी तेवढा उरतो. त्याचे वजन केले की कस कळला. वाचायला सोपे वाटते. पण सारा निकाल दोन गोष्टींवर लटकलेला असतो, तराजू आणि आच. आच थोडी अधिक झाली तर चांदीही उडते, थोडी कमी झाली तर हीण मागे राहते. आणि तराजू खोटा असेल तर सगळेच खोटे.

प्रिन्सेपने या दोन्हींचा पाठपुरावा केला. त्याने असा तराजू बनवला की ग्रेनच्या हजार भागांपैकी तीन भागांचा फरकही त्यावर दिसे. आपल्या भाषेत सांगायचे तर गुंजेचा सुमारे सहाशेवा हिस्सा. भट्टीची आच तोवर कारागीर रंगावरून ओळखत. त्याने सोन्यात चांदी आणि सोन्यात प्लॅटिनम ठराविक प्रमाणात मिसळून अनेक तुकडे केले. प्रत्येक तुकडा वेगळ्या आचेला वितळणार. भट्टीत कोणता तुकडा वितळला आणि कोणता उभा राहिला हे पाहिले की आच किती ते समजे. हा निबंध १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी त्याला आपला सभासद करून घेतले. शिष्याच्या गळ्याचा अंदाज रंगावरून बांधू नये, त्याला एकेक स्वर लावायला सांगावा आणि कोणता टिकतो ते पाहावे, असे आम्ही शिकवणारे म्हणतो. ती युक्ती आणि ही एकच.

काशीतल्या त्याच्या इतर कामांची यादी लांबवीत नाही. शहराचा नकाशा, लोकांची मोजदाद, सांडपाण्यासाठी गंगेपर्यंत खणलेला भुयारी नाला, औरंगजेबाच्या मशिदीच्या झुकलेल्या मिनारांची दुरुस्ती. एक मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. काशीच्या पूर्वेला कर्मनाशा नदी. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की साठवलेले पुण्य जाते असा समज, त्यामुळे यात्रेकरूंची मोठी अडचण होई. या नदीवर दगडी पूल बांधण्याचे काम मुळात आपल्या नाना फडणिसांनी सुरू करविले होते, पण वाळूत पाया टिकेना आणि काम पडून राहिले. पुढे राजा पटनीमल या काशीच्या सावकाराने पैसा दिला आणि प्रिन्सेपने पूल पुरा केला. पुण्याच्या कारभाऱ्याची अपुरी राहिलेली इच्छा कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या साहेबाने पुरी केली, ही गोष्ट आपल्या घरांतून माहीत असायला हवी होती.

१८३० मध्ये बनारसची टांकसाळ बंद झाली. तो कलकत्त्याला परतला आणि १८३२ साली विल्सन ऑक्सफर्डला गेल्यावर मुख्य पारखी झाला. एशियाटिक सोसायटीची चिटणिशीही विल्सनमागून त्याच्याकडेच आली.

त्या काळी हिंदुस्थानात रुपयांचे किती प्रकार चालत याची आज कल्पना येणार नाही. प्रत्येक संस्थानाची टांकसाळ वेगळी, वजन वेगळे, कस वेगळा. शिवाय बट्टा. बंगालमध्ये नाणे पाडले त्या वर्षी पूर्ण किमतीला चाले, दुसऱ्या वर्षी सराफ त्यावर बट्टा कापीत, तिसऱ्या वर्षी आणखी. म्हणून कंपनी सरकारने युक्ती केली. शाहआलम बादशहाच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष रुपयावर कायमचे गोठवून टाकले. वर्षे उलटत गेली, बादशहा मरण पावला, तरी बंगालचा सिक्का रुपया आपला १९ व्या वर्षीच थांबलेला! प्रिन्सेपने देशी टांकसाळींच्या रुपयांची वजने व कस यांची कोष्टके तयार केली, तोळा १८० ग्रेनचा ठरवण्यात पुढाकार घेतला, आणि १८३५ साली कंपनीचा एकच रुपया सर्वत्र आला तो याच वजनाचा, त्यात १६५ ग्रेन चोख चांदी. आपल्या सोनारांच्या तागडीत पुढे सव्वाशे वर्षे जो तोळा होता तो हाच.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. एकच रुपया करायचा म्हणजे जुने रुपये गोळा करून मुशीत घालायचे. किती राजांची नावे, किती टांकसाळींच्या खुणा त्या भट्ट्यांत वितळल्या असतील! आणि त्या टांकसाळीचा मुख्य पारखी कोण, तर जुन्या नाण्यांवर जीव टाकणारा हाच मनुष्य. दिवसा जे वितळायला जाई, रात्री तेच तो भिंगाखाली घेऊन बसे. त्याला हे कसे सोसले असेल हे मी पुष्कळदा मनात घोळवून पाहतो.

नाणी त्याच्याकडे येत होती ती बहुतेक वायव्येकडून. रणजितसिंगाच्या नोकरीतला सेनापती व्हेंचुरा याने १८३० साली मणिक्याल येथला स्तूप उकरला, त्यात सापडलेले सारे प्रिन्सेपकडे आले. अलेक्झांडर बर्न्सने बुखाऱ्याच्या वाटेवर गोळा केलेली आली. काबूलजवळ मॅसन नावाचा भटक्या हजारांनी नाणी जमवीत होता. यांतल्या कित्येकांच्या एका अंगाला ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या अंगाला कुणालाही न वाचता येणारी लिपी. प्रिन्सेप प्रत्येक नाण्याचे चित्र स्वतःच्या हाताने काढून सोसायटीच्या मासिकात छापी. नाणे जसे दिसते तसेच काढायचे. अर्धे अक्षर झिजले असेल तर अर्धेच. मनाने पुरे करायचे नाही.

या सवयीचे फळ मोठे होते. कुशाणांच्या नाण्यांवरची बसलेली परकी देवी पिढ्यान्‌पिढ्या बदलत बदलत गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर कमळावर बसलेली लक्ष्मी कशी झाली, हा धागा त्याने एकेक नाणे शेजारी ठेवून १८३५ साली दाखवून दिला. आपल्या तबकातल्या लक्ष्मीचा इतका लांबचा प्रवास आहे.

मग १८३७ चा उन्हाळा आला. आपल्याकडून आगगाडीने भेलशाला जाताना पुढेच लागते ती सांची. तेव्हा ती भोपाळ संस्थानात होती. कॅप्टन एडवर्ड स्मिथ याने तेथल्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे प्रिन्सेपकडे पाठवले. ते छापण्यासाठी मांडताना त्याच्या ध्यानात आले की, जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच दोन अक्षरांवर संपते. गाण्यात ताना कितीही वेगळ्या असल्या तरी शेवटी ज्या अक्षरावर येऊन पडतात ती सम. ताल न समजणाऱ्यालाही थोड्या वेळाने ती ऐकू येते. इथेही तेच झाले. देवळाच्या खांबाखांबावर निरनिराळ्या माणसांनी काय लिहवावे? दान दिल्याचे. म्हणजे ती दोन अक्षरे द आणि न, वर अनुस्वार. त्यांच्या आधी पुनःपुन्हा येणारे अक्षर म्हणजे स, अमक्याचे दान यातला चे. हा षष्ठीचा स त्याला अगदी त्याच दिवसांत सौराष्ट्राच्या क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर भेटलेला होता. नाण्याने लेखाला साक्ष दिली. थोड्याच आठवड्यांत दिल्ली आणि अलाहाबादचे स्तंभ, ज्यांना लोक भीमाच्या काठ्या समजत, ते वाचले गेले. ग्रीक राजा अगाथोक्लीसच्या नाण्यावरची हीच लिपी जर्मन पंडित लासेन याने आधल्याच वर्षी ओळखली होती, आणि सोसायटीचे कमलाकांत पंडित संस्कृताच्या बाजूने प्रिन्सेपच्या हाताशी होते. हे श्रेय त्यांना द्यायला हवे.

पण त्याची चूक मला त्या शोधापेक्षाही मोलाची वाटते. स्तंभांवरचा राजा स्वतःला देवानांपिय पियदसि म्हणवतो. हा कोण? प्रिन्सेपने ठरवले की हा लंकेचा राजा असावा, कारण तेथे देवानांपिय नावाचा राजा झालेला. ते छापूनही टाकले. इतक्यात सिंहलद्वीपातला टर्नर नावाचा अधिकारी पाली ग्रंथ घेऊन पुढे आला आणि त्याने दाखवले की पियदसि म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. प्रिन्सेपने आपले मत तेथल्या तेथे मागे घेतले, आणि तेही त्याच मासिकात, सर्वांसमक्ष. ज्याला रोज तराजू खोटे पाडतो त्याला आपले मत सोडण्याची लाज राहत नसावी. आम्हा गाणाऱ्यांत हा गुण फार दुर्मिळ आहे, हे मी घरचे माणूस म्हणून सांगतो. पुढल्याच वर्षी गिरनारच्या लेखात त्याला अंतियोक आणि तुरमाय ही ग्रीक राजांची नावे सापडली आणि अशोकाचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात पक्का बसला.

याचा आपल्या गावाशी संबंध नाही असे कुणी समजू नये. भेलशाजवळ बेसनगरला एक खांब आहे, लोक त्याला खांबबाबा म्हणून पूजत आणि शेंदराची पुटे चढवीत. १९०९ च्या सुमारास आपल्या ग्वाल्हेर संस्थानच्या इंजिनियरने तो शेंदूर काढवला, तेव्हा खाली ब्राह्मी अक्षरे दिसली. तक्षशिलेहून अंतलिकित राजाने धाडलेला ग्रीक वकील हेलिओदोर याने वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे त्यात होते. या अंतलिकिताला जगाने तोवर ओळखले होते ते नाण्यांवरूनच. प्रिन्सेपने वाट पाडली नसती तर आपण अजून त्या खांबाला शेंदूरच फासत बसलो असतो.

आता त्याचा शेवट. १८३५ मध्ये त्याने लग्न केले, १८३७ मध्ये मुलगी झाली. दिवसा टांकसाळ, रात्री सोसायटी, हजार लोकांची पत्रे, महिन्याचे मासिक. १८३८ च्या शरद ऋतूत डोके दुखू लागले आणि मळमळ सुरू झाली. वर्ष संपण्याआधीच त्याला जहाजात घालून विलायतेला नेले. मेंदू झिजत गेला, आणि लिप्या उलगडणाऱ्या त्या माणसाला शेवटी काहीच उमजेनासे झाले. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनला तो वारला, वय ४०. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीकाठी त्याच्या नावाचा घाट बांधला, तो आजही आहे. त्याचा तरुण मित्र कनिंगहॅम याने त्याचे काम पुढे नेले आणि १८६१ मध्ये सरकारी पुराणवस्तुखाते उभे राहिले ते त्याच्याच हातून.

हे सगळे वाचून झाल्यावर आबांच्या कारणाचा जोर माझ्या मनातून उतरला. पारख करण्यात देणाऱ्याचा अपमान नाही. आबा तारेची पारख करीत ते तार वाईट आहे म्हणून नव्हे, ती खरी कळावी म्हणून. मी भावाला होकार दिला. मोहोर गेली आणि काही महिन्यांनी डबीत बंद होऊन परत आली. सोने खरे, वजन बरोबर, ठशाने ठोकलेली, ओतीव नव्हे. आकडा मात्र दिलेला नाही. पृष्ठभाग घासून स्वच्छ केलेला आहे, म्हणून आकडा देता येत नाही, एवढीच चिठ्ठी.

घासलेला! आमच्या आईने गेली कित्येक वर्षे धनत्रयोदशीच्या रात्री रिठ्याचे पाणी आणि चिमूटभर रांगोळी घेऊन ती मोहोर चोळली आहे. भिंगाखाली त्या साऱ्या दिवाळ्यांच्या बारीक रेघा दिसल्या. भाऊ हळहळला. किंमत निम्म्याने उतरली म्हणाला. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. पारख्याने खोटे एक अक्षर लिहिलेले नव्हते.

आईला हे कसे सांगावे याचा आम्ही दोघांनी फार विचार केला, आणि शेवटी सांगितलेच. तिने डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. रेघांबद्दल ती काही बोलली नाही. तिने इतकेच विचारले, की यंदा लक्ष्मीला कुंकू लावायचे ते या काचेवरच लावायचे का. भाऊ आतून पक्कड घेऊन आला.